म्हादईवरचं राफ्टिंग: गावच्या युवा मंडळाला घेऊन जाणार असाल तर हा रिव्ह्यू वाचा

सरळ सांगतो, सर्व्हिस चांगली आहे, माझ्याकडून पाचपैकी साडेचार. पण नुसतं "खूप मजा आली, मस्ट डू" लिहायला मी बसलो नाहीये, तसे रिव्ह्यू ढीगभर आहेत आणि पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना घेऊन जाणाऱ्या माणसाला त्यातला एकही कामाचा नाही. चार मित्र गाडी काढून जातात ती गोष्ट वेगळी, आणि दुसऱ्यांची पोरं आपल्या भरवशावर पावसाळ्यातल्या नदीत उतरवायची ती गोष्ट वेगळी. नदीवर पोरांना सांभाळणं हे राफ्टिंगवाल्यांचं काम, ते त्यांनी उत्तम केलं. पण पोरं काठावर येऊन उभी राहतात ती काय शिकून येतात हे आपलं काम आहे, आणि माझ्या मते निम्मी ट्रिप तिथेच ठरते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे राफ्टिंग गोव्यात सत्तरी तालुक्यात होतं, वाळपईच्या पुढे. गोवा पर्यटन विकास महामंडळाने २०१२ साली ते सुरू केलं. उस्ते गावाकडे राफ्ट, म्हणजे हवा भरलेली रबरी होडी, पाण्यात घालतात आणि सोनाळला बाहेर काढतात, मधलं अंतर साधारण दहा किलोमीटर. नदीच्या जोराची जागतिक मोजणी एक ते सहा अशी असते, एक म्हणजे जवळजवळ संथ पाणी आणि सहा म्हणजे जिथे तयारीच्या माणसानेही उतरू नये असं. आपली म्हादई बहुतेक वेळा दोन-तीनमध्ये असते, म्हणजे लाटा अंगावर येतात, राफ्ट उडते, कोणीतरी पडूही शकतं, पण नवशिक्यांना झेपतं. हे सगळं फक्त पावसाळ्यात, कारण पाऊस संपला की तिथे खडक वर येतात.

आता पहिली गोष्ट जी पालकांना समजावून सांगावी लागते: नदीचं पाणी आपल्या अंगणातल्या पावसावर ठरत नाही. म्हादई उगम पावते पलीकडे खानापूर तालुक्यात, देगावच्या बाजूला, भीमगडच्या जंगलात. तिकडे रात्रभर कोसळला आणि आपल्याकडे फोंड्यात कडक ऊन असलं तरी नदी चढलेली असते, आणि उलटही होतं. म्हणून राफ्टिंगवाले सकाळी पातळी बघूनच हो की नाही सांगतात, जास्त पाणी असलं तर ट्रिप रद्द, फार कमी असलं तरी रद्द. आमची आधीची तारीख अशीच पुढे गेली, पोरं नाराज झाली, दोन-तीन आया म्हणाल्या बघा म्हटलं नव्हतं का, पण मला उलट तेव्हाच या लोकांबद्दल विश्वास वाटला. पैसे हातात आलेले असताना नदीकडे बघून नको म्हणणारा माणूस मिळाला तर त्याच्याकडेच पोरं द्यावीत. तेव्हा बुकिंग करतानाच तारीख बदलायची सोय आहे का ते स्पष्ट विचारून घ्या, आणि बसवाल्यालाही तसंच बजावून ठेवा. आमचा बसवाला रद्द झालेल्या दिवसाचे अर्धे पैसे मागत होता, त्यावर बराच वाद झाला.

त्याआधी मी किनारी भागातल्या एका एजंटला फोन केला होता, म्हटलं बघू ग्रुपला काही सूट मिळते का. त्याला विचारलं पोरांची काय तयारी करून आणू, तर म्हणे काही नको, लाईफ जॅकेट असतं, नुसतं बसायचं. मी फोन ठेवला. लाईफ जॅकेट माणसाला तरंगत ठेवतं हे खरं आहे आणि पोहता न येणाऱ्याला राफ्टिंग करता येतं हेही खरं आहे, पण नुसतं बसायचं हे साफ खोटं. राफ्ट वल्हवावी लागते. पोरांनी वल्हं मारलं नाही तर गाइड एकटा ती खडकापासून वळवू शकत नाही. आणि जो पडतो त्याला पुढचा अर्धा मिनिट काय करायचं ते आधीच अंगात मुरलेलं लागतं, पाण्यात पडल्यावर विचार करायला वेळ नसतो.

मग थेट राफ्टिंगवाल्यांशीच बोललो. पलीकडच्या माणसाने माझ्या आधी स्वतःच प्रश्न विचारले, सगळ्यात लहान पोर केवढं, वजन किती, कोणाला फिट्स येतात का, दमा, हृदयाचा त्रास, अलीकडे ऑपरेशन झालंय का, किती जणांना पोहता येतं. वयाची अट आहे, ती फोनवरच खात्री करून घ्या, धाकट्या भावंडांना आयत्या वेळी बसमध्ये चढवू नका. दर मी इथे लिहीत नाही, दर सीझनला बदलतात.

पालकांची मीटिंग आम्ही देवळाच्या सभामंडपात घेतली आणि ती घ्याच, व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकून भागत नाही. गोव्यात दर पावसाळ्यात कोण ना कोण धबधब्यात, नदीत नाहीतर पाणी भरलेल्या चिरेखाणीत बुडाल्याची बातमी येते, जिल्हा प्रशासनाकडून अशा ठिकाणी पोहायला बंदीचे आदेश निघतात, आणि त्याच दिवसांत आपण म्हणतो तुमची मुलगी नदीत न्यायचीय, तर आई घाबरणारच. तिची भीती बरोबर आहे. आम्ही एवढंच केलं, नेमका फरक काय ते दाखवलं. पिकनिकला गेलेलं पोर विना जॅकेट, जागा माहीत नसताना उडी मारतं. इथे अंगात जॅकेट, डोक्यावर हेल्मेट, प्रत्येक राफ्टमध्ये गाइड, दोरी तयार, आणि पुढे कयाकमध्ये, म्हणजे एकट्याच्या छोट्या होडीत, एक माणूस जो पडलेल्याला उचलायलाच असतो. कयाक असते का हे तुम्हीही विचारा, आमच्या ट्रिपला होती. एका बाबांनी विचारलं की काही झालंच तर हॉस्पिटल कुठलं, आणि हा प्रश्न मला फार आवडला कारण त्याचं उत्तर आयोजकाकडे तयार असायलाच हवं. वाळपईला सरकारी आरोग्य केंद्र आहे, १०८ ला फोन लागतो, मोठं काही असलं तर बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. आत नदीकाठी मोबाईलला रेंज धरून चालू नये, म्हणून आमच्यातला एक जण राफ्टमध्ये बसलाच नाही, तो गाडी घेऊन रस्त्याने सोनाळला जाऊन थांबला, त्याच्याकडे सगळ्यांचे फॉर्म, औषधं आणि पालकांचे नंबर. हा माणूस आधीच ठरवा, नाहीतर त्या दिवशी सगळ्यांनाच राफ्टमध्ये बसायचं असतं.

मुलींच्या बाबतीत एक लिहितो कारण याबद्दल कोणी बोलत नाही. आमच्यासोबत मंडळातल्या एक ताई होत्या, त्यांनी मुलींशी वेगळं बसून बोलणं केलं, पाळी आली असेल तर काय करायचं, यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, कपडे कुठे बदलायचे, ओल्या कपड्यात अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आत काय घालायचं. हे एक पुरुष आयोजक सांगू शकत नाही आणि सांगितलं नाही तर मुली शेवटच्या दिवशी पोटात दुखतंय म्हणून घरी बसतात. ताईंशिवाय आमच्या निम्म्या मुली आल्या नसत्या.

आता तयारी. पोहण्याचं आम्ही कांपालच्या पूलवर केलं, पोहणं शिकवायला नव्हे, त्याला महिने लागतात. फक्त पाण्यात पाठीवर पडून राहायचं, तोंडावर पाणी आलं तर घाबरून डोकं वर न काढता श्वास धरायचा, पाण्याखालून वर आल्यावर आधी श्वास सोडायचा मग घ्यायचा. ज्या पोरांना पोहता येत नव्हतं त्यांना याचा सगळ्यात जास्त फायदा झाला. आणि ज्यांना विहिरीत, बंधाऱ्यावर पट्टीचं पोहता येतं अशा दोघांना उलट जास्त समजवावं लागलं, कारण त्यांना वाटायचं आपल्याला काय, आपण पोहून काठाला जाऊ. वाहत्या पाण्यात तसं चालत नाही.

तिथे नियम एकच, पडलात तर पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला, पायाची बोटं पाण्यावर दिसली पाहिजेत. समोर खडक आला तर त्याला पाय लागतील, डोकं नाही. आणि उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, पाणी कमरेएवढं दिसलं तरी नाही. हे पोरांना दहा वेळा सांगितलं तरी पटत नाही कारण पाणी उथळ दिसलं की माणसाचा पाय आपोआप खाली जातो. पाय दोन खडकांच्या फटीत अडकतो, मागून पाणी ढकलतं, माणूस पुढे वाकतो आणि त्या जोरापुढे पुन्हा उठता येत नाही. आम्ही हे देवळाच्या चौकात करून दाखवलं, एकाचा पाय दोन चिऱ्यांमध्ये ठेवला आणि दोघांनी त्याला पाठीवर हलकं ढकललं. एका सेकंदात त्याचे हात जमिनीला. त्यानंतर कोणी प्रश्न विचारला नाही.

वल्ह्यांच्या जागी काय वापरायचं हा प्रश्न होता तर पोरांनी चुडताचे पिडे, म्हणजे माडाच्या झावळीचे दांडे आणले, ज्याने लहानपणी क्रिकेट खेळतात तेच. दोन बाकं समांतर मांडली, तीन-तीन जण दोन्ही बाजूला, मागे एक जण गाइड बनून ओरडणार, फॉरवर्ड, बॅक, स्टॉप, गेट डाऊन. कमांड इंग्लिशमध्येच शिकवा, नदीवर त्याच ऐकू येणार आहेत. समजावणं मात्र मराठीत-कोकणीत करा. आमचा गाइड बाहेरचा होता, हिंदी-इंग्लिश बोलायचा, चांगला बोलायचा, पण पाण्याच्या आवाजात नवीन शब्द पहिल्यांदा कानावर पडला तर पोर एकमेकांकडे बघत बसतं. पुढच्या दोघांनी ताल धरायचा आणि मागच्यांनी त्यांच्याकडे बघून मारायचं, हे आमच्या पोरांना पटकन जमलं कारण शिगम्याच्या रोमटात, म्हणजे मिरवणुकीत, ढोल-ताशे असेच चालतात, पुढचा ताशेवाला बदलला की मागचे सगळे बदलतात. एकदा हे डोक्यात बसलं की कोण ताकदवान कोण नाही हा विषयच राहिला नाही, सडपातळ मुलगी पुढे बसून ताल धरते आणि मागचे धिप्पाड पोरगे तिच्यामागे.

वल्ह्याचं वरचं टोक टी सारखं असतं. त्यावरून हात कधीच काढायचा नाही, कारण राफ्ट उडाली की ते मोकळं टोक शेजाऱ्याच्या दातांवर बसतं. पिड्याने हा सराव होत नाही, पिड्याला टी नसतो, म्हणून आम्ही फरशी पुसायच्या वायपरचे दांडेही आणले.

कपड्यांचं: जीन्स नको, जाड कॉटन टीशर्ट नको, भिजला की जड होतो आणि वाळत नाही. पाणी बर्फासारखं थंड वगैरे नसतं पण दोन तास ओलं अंग आणि वारा म्हणजे बारीक पोरं कुडकुडतात. स्पोर्ट्सची पँट, नायलॉनचा टीशर्ट. स्लीपर अजिबात नको, पाण्यात पहिल्या मिनिटाला वाहून जाते, मागून पट्टा असलेली सँडल नाहीतर जुने कॅनव्हासचे शूज. चष्म्याला मागून दोरी. अंगठ्या, चेन, पायातली पैंजणं घरी. दम्याचा पंप गाइडकडच्या वॉटरप्रूफ बॅगेत, बसमध्ये नाही. कोरडे कपडे प्रत्येकाचे वेगळ्या पिशवीत, नाव लिहून.

दिवसाबद्दल. सकाळी पेज आणि लोणचं खाऊन निघालो, वाटेत थांबून पोरांनी पातळभाजी-पाव मागितला तो थोडाच दिला, भरल्या पोटी नदीत उतरणं त्रासाचं. फोंड्याहून उसगावमार्गे वाळपई, रस्ता हिरवागार.

आणि आता ज्यासाठी मी साडेचार देतोय ते. गाइडने प्रत्येक पोराचं जॅकेट स्वतः तपासलं. नुसते बक्कल लावलेत का ते बघून सोडलं नाही. समोर उभा राहून दोन्ही खांद्यांचे पट्टे धरून वर जोरात ओढायचा, जॅकेट कानापर्यंत आलं तर पुन्हा सगळे पट्टे सोडून खालून वर आवळायचा आणि पुन्हा ओढून बघायचा. आमच्या सगळ्यात बारीक पोराला त्याने तीन वेगळी जॅकेटं घालून बघितली, तेव्हा मागे दुसरा ग्रुप उभा होता, घाई चालली होती, पण त्याने घाई केली नाही. हेल्मेटचंही तसंच, कपाळ झाकलं पाहिजे, पोरं स्टाईलमध्ये मागे सरकवतात ते त्याने एकेकाचं पुढे ओढलं. कारण सांगितलं की पडलेल्या माणसाला राफ्टमध्ये घेताना हाताला नाही, जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्यांना धरून ओढतात, आणि जॅकेट सैल असेल तर हातात जॅकेट येतं, माणूस खालीच राहतो. मग तेही करून दाखवलं, गुडघे राफ्टच्या कडेला टेकवायचे, पट्टे धरायचे आणि आपण मागे पडायचं, समोरचा आपोआप आत येतो. हे जमिनीवर प्रत्येक जोडीकडून करून घेतलं.

दोरीच्या पिशवीचंही दाखवलं. काठावरून फेकतात तेव्हा पिशवी नाही, दोरी पकडायची, छातीशी धरायची, दोरी खांद्यावरून जाऊ द्यायची आणि पाठीवर राहायचं. हाताला गुंडाळायची नाही, कधीच नाही, ओढ आली तर सुटता येत नाही.

पाण्यात गेल्यावर पहिल्या संथ पट्ट्यात त्याने कमांड पुन्हा घेतल्या. आमच्या पोरांना त्या येतात हे त्याला तिथे कळलं आणि तो खुश झाला, त्यामुळे आम्हाला पुढे जास्त मिळालं, रॅपिडच्या, म्हणजे उसळत्या पाण्याच्या पट्ट्याच्या, खाली जिथे पाणी काठाला उलटं फिरतं त्या जागेत राफ्ट वळवून थांबवायची, परत लाटेवर घालायची, हे त्याने आमच्याकडून दोन-तीनदा करून घेतलं. तयारी नसलेल्या राफ्टला गाइड कडेकडेने सुखरूप खाली आणतो, त्यात त्याची चूक नाही. आम्हाला मात्र त्या नदीशी खेळायला मिळालं.

एका मोठ्या लाटेला आमचा एक अकरावीतला पोरगा पडला, पोहता न येणारा. मी मागच्या राफ्टमध्ये होतो, मला फक्त पिवळं हेल्मेट खाली गेलेलं आणि पुन्हा वर आलेलं दिसलं. वर आला तो पाठीवर, पाय पुढे, बोटं पाण्याबाहेर. वल्हं हातात तसंच. त्याच्या राफ्टमधल्या मुलीने वल्ह्याचा टी पुढे केला, त्याने धरला, तिने पट्टे पकडले आणि मागे पडली, तो आत. कयाकवाला पोहोचेपर्यंत काम झालं होतं. गाइडने काही म्हटलं नाही, फक्त पुढची कमांड दिली. बाकीच्या पोरांनी जो आरडाओरडा केला तो सांगता येत नाही.

एक मुलगी उस्त्याला काठावर उभी राहून म्हणाली मला नको. आम्ही आधीच सगळ्यांना सांगितलं होतं की नको म्हणायचं असेल तर शेवटच्या क्षणापर्यंत म्हणू शकता आणि त्यावर कोणी काही बोलणार नाही, तसंच झालं, ती गाडीने सोनाळला आली. गाइडनेही तिला एकदाच विचारलं, पक्कं का, बस. काही ठिकाणी असं चिडवून चिडवून चढवतात ते फार वाईट, इथे तसं झालं नाही हे मुद्दाम लिहितो.

मधल्या संथ पाण्यात गाइड म्हणाला इथे उतरून तरंगा, दोन्ही बाजूला दाट झाडी, लाल पाणी. म्हादईचं नाव आमची पोरं जन्मापासून बातम्यांत ऐकतात, कर्नाटकचा कळसा-भांडुरा प्रकल्प, पाणीवाटपाचा लवाद, त्याचा २०१८ चा निवाडा, कर्नाटक पाणी वळवणार. पण पणजीला मांडवी म्हणून बघतो तीच ही नदी, दाबोसच्या प्रकल्पातून सत्तरीला पिण्याचं पाणी हीच देते, हे त्यांना पाण्यात पडून कळलं. भाषण मी दिलं नाही. एकाने स्वतःच विचारलं की वरती पाणी वळवलं तर हे राफ्टिंग राहील का, आणि बराच वेळ त्यावर चर्चा चालली.

घरी आल्यावरचं एक काम विसरू नका. पावसाळ्यातल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, उंदरांच्या, गुरांच्या लघवीतून तो जंतू पाण्यात येतो आणि जखमेतून अंगात शिरतो. ज्यांना उघडी जखम आहे त्यांना राफ्टमध्ये घेऊ नका. परत येऊन साबणाने आंघोळ, खरचटलेलं धुऊन औषध लावा, आणि पालकांना लेखी सांगा की पुढच्या महिनाभरात ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरला नदीत गेलो होतो हे आधी सांगायचं. तापाच्या साध्या गोळीवर दिवस काढायचे नाहीत. नदीत जाण्याआधी लेप्टोची प्रतिबंधक गोळी घ्यायची का ते डॉक्टरला विचारून ठरवा, मनाने देऊ नका. जळवा लागतात, त्या त्रास देतात पण घाबरायचं कारण नाही.

अर्धा गुण का कापला, तर आमच्या अपेक्षेपेक्षा ट्रिप लवकर संपल्यासारखी वाटली, पाणी चांगलं होतं आणि जोरात खाली आलो, एवढंच. नदी भरलेली असली की ते होणारच, तेव्हा दिवसभराचा प्लॅन फक्त यावर उभा करू नका, जेवणाची सोय वाळपईला आधी सांगून ठेवा, ओली, भुकेली पोरं आणि शीत-कडीला तासभर उशीर हे जमत नाही.

तारखेचं सांगायचं तर जुलै-ऑगस्टचे रविवार लवकर भरतात, कॉलेजच्या पोरांना शनिवार सकाळ जमत असेल तर ती घ्या, गर्दी कमी असते. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आठवड्यात ठेवू नका, कोणी येणार नाही. चवथीनंतर पाऊस चालू असेल तर नदी अजून चांगली असते, पण त्या सकाळी फोन करून पातळी विचारल्याशिवाय बस गावातून हलवू नका.